जाड आवाजाचं पाणी

नर्सरीवाले बिडवे म्हणाले, आधी कान द्या, मग पैसे.
गंगापूर रोडला त्यांच्याकडे एकोणीस कारंजी एकदम चालू होती,
मला आधी बाथरूम कुठंय ते विचारावं लागलं.

फायबरचा धबधबा, पोटात निळा दिवा.
बांबूची नळी, भरली की कलंडते, रिती झाली की उठते.
सिमेंटचं गोमुख;
पण गोमुखाखाली कुणीतरी बसलेलं लागतं,
रिकाम्या फरशीवर कसली धार धरायची?
लेकीचा पुण्याहून फोन: आई, झुळझुळवालं घे,
झुळझुळीनं मन शांत होतं.

हे प्रत्येकापुढे वाकले.
उजवा कान, मग डावा.
मान हलवत राहिले,
लग्नात न ओळखणाऱ्यांकडे बघून हलवतात तशी.
तेव्हा मला कळलं.

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये, नंबर उमटवणाऱ्या मशीनपाशी.
कॅनडा कॉर्नरच्या डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला होता,
रेघ डावीकडे बरी सपाट, आणि मग
अंजनेरीच्या कड्यावरून पाय सुटावा तशी.
बारीक आवाज गेले, म्हणाल्या.
चिमण्या. कुकरची शिट्टी. नातवाच्या बोलण्यातला 'स'.
जाडे राहतील.
झुळझुळ कशात मोडते, ते विचारायचं राहिलं.

रिक्षात हे म्हणाले, तुला आवडेल ते घे.
मी म्हणाले, बाग तुमची.
बाग म्हणजे जेल रोडच्या रो-हाऊसमागची नऊ बाय सहा,
एक अनंत, दोन कुंड्या कढीपत्ता,
आणि नळाला पाणी सकाळी पाऊण तास.

मग आम्ही भांडीबाजारात गेलो.
ह्यांना पायरीवर बसवलं, रस्त्याकडे तोंड करून.
पिशवीतली बाटली काढून मी वरून एकेक थेंब टाकत गेले.
तपेल्यात. घंगाळात. बंबाच्या तोंडात.
मुरलीधर तांबट गल्ल्यावरून बघत होते,
गिऱ्हाईक आहे की डोक्यावर परिणाम.
शेवटी एक जुनी घागर, मोडीत आलेली,
पोटाला पोचा, आत अर्ध पाणी.
डुब्.

हे वळले.
कोण आलं?

घागरीला कुशीत भोक पाडून हवं होतं,
पाणी तेवढंच राहावं, वरचं अनंताला जावं.
तांबट तयार होईनात.
बाई, म्हणाले, आयुष्यभर भोकं बुजवली मी.
दोन चहा झाले तेव्हा कुठे त्यांनी खिळा धरला,
आणि ठोकताना दुसरीकडे बघितलं.

दिंडोरीच्या भाच्यानं द्राक्षाच्या ड्रिपची नळी आणली,
टोकाला इवलासा कॉक.
वेलीच्या मुळाशी गुपचूप झरायची सवय तिला,
इथं तिला बोलायला लावलं.
वर बादली, खाली घागर, मध्ये हातभर अंतर.
एकूण खर्च बिडवेंना सांगितला नाही.

आता संध्याकाळी हे खुर्ची टाकून बसतात.
डुब् झालं की बोट उचलतात,
जसं काही मला ऐकू येत नाही.

आणि रात्र माझी.
हे मशीन काढतात, डबीत ठेवतात, कूस बदलतात, संपलं.
मी मोजते. अकरा. डुब्. अकरा. डुब्.
कधी तेरा होतात, तर वाट बघत
छातीत धरून ठेवलेला श्वास दुखतो.
मन शांत होतं म्हणे.

तिसऱ्या रात्री अनवाणी गेले, कॉक बंद केला.
परत येऊन उशी डोक्यावर घेतली.
किती छान. किती काही नाही.

थांबलं का गं?
अंधारात, डबी मिटलेली असताना.

बादली संपली असेल, म्हणाले मी.
ह्यांनी ते ऐकलं नाही.
पुन्हा विचारलंही नाही.
नुसते जागे राहिले, मला कळेल इतके.

मी उठले. फरशी गार होती.
कॉक आधी किती फिरवलेला होता ते आठवेना.
अंदाजानं सोडला,
आणि पहिला पडेपर्यंत
तिथंच उभी राहिले.