कुटुंब क्रमांक तीन

रक्त न्यायचो मी. बाकी काही नाही.
सिव्हिलच्या लॅबमधला मदतनीस,
चहाचा थर्मास, अशोक चौकातल्या कारखान्याचा बर्फ,
आणि हैदराबादची रात्रीची गाडी.
नळ्या मांडीवर. झोपायचं नाही,
असा डॉक्टरबाईंचा हुकूम.

शिवाय मला तेलुगू यायचं.

दत्तनगरच्या मागच्या गल्लीत
चिलवेरींच्या नात्यातली पोरं
दिवेलागणीला भिंत धरून चालायची.
रेचीकटि, म्हणायचे शेजारी.
पुढे दुपारही जायची डोळ्यांतून.
कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे मागावरची धूळ.
निंबर्गीबाई नऊ वर्षं एकच विचारत होत्या :
कोणाला? कधीपासून? कोणाच्या पोटी?
पुरुष सांगायचे बाप, आजा, पणजा.
कागदावर काही म्हणता काही जुळत नव्हतं.

एका दुपारी नरसव्वानं कात्री खाली ठेवली.
विड्यांचं सूप पुढे ओढलं,
तेंदूची पानं मांडली एकेक :
ही माझी आजी. ही आई. ह्या मावश्या.
हे कोपरा फाटलेलं, मी.
आणि जो जो विझला त्याच्या जागी
चिमूटभर तंबाखू.
आईचे दोन भाऊ. माझा थोरला. मावशीचा शंकर.
माझा अंबादास.

बाप मांडायची गरजच पडली नाही.

बाई उकिडव्या बसून राहिल्या, किती तरी वेळ.
मग मला म्हणाल्या, सांग तिला, हे तिच्याकडून आलंय.
तेलुगूत ते वाक्य मला सापडेना.
सरळ सांगावं तर शिवी होते,
वळवून सांगावं तर खोटं.
मी शब्द चाळतोय तोवर नरसव्वाच मराठीत बोलली :
ठाऊक हाय. बायकांना ठाऊकच असतंय.
विचारलं कोण आमाला?

पुढे ती जागा सापडली.
लांबलचक मजकुरात एक अक्षर चुकलेलं.
परदेशातल्या अंकात छापून आलं,
बाईंनी टेबलावर उघडून दाखवलं मला.
पुरुष चौकोनी, बायका गोल,
काही गोलांच्या पोटात ठिपका.
वर लिहिलेलं : कुटुंब क्रमांक तीन.
म्हटलं, नरसव्वाचं नाव?
नियम असतो, म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत बसल्या, स्वच्छ असलेला.

मला आठवते ती त्याच दिवसाची संध्याकाळ.
ब्रँच बंद व्हायला आलेली.
नरसव्वानं सुपातलं खानदान गोळा केलं,
आजी, आई, मावश्या, स्वतः,
त्याच तंबाखूनं भरलं, वळलं,
नखानं तोंडं मुडपली, दोरा घातला,
पंचवीसच्या कट्ट्यात बांधून टाकलं.
अंबादासचा हात खांद्यावर घेऊन निघाली.
मीही गेलो मागोमाग.
चेकरनं चार छाट काढल्या.
कोणत्या, ते तिनं पाहिलं नाही.

रात्री गाडीच्या दारात उभं राहून
मी एक विडी पेटवली.
थर्मास दुसऱ्या हातात.
झोप तशीही येणार नव्हती.