अकर्मक

बुधवारी साडेनऊला आमचा शिकण्याचा तास.
बर्गनमधलं तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस,
कंपनीच्या खर्चानं कॉफी आणि दालचिनीचे बन.
सिगवार्ट शिकवतो. एकसष्टीचा.
सव्वीस वर्षं वर्तमानपत्रात प्रश्न विचारले,
आता उत्तरं कशी चुकवायची ते सांगायला येतो.
दोन्हीकडचं मीठ खाल्लेला माणूस,
पण मनानं वाईट नाही.

आजचा धडा: सॅमन.
फ्योर्डमधलं आपल्या क्लायंटचं जाळं
आणि त्यातून एका रात्रीत बाहेर गेलेले एकवीस हजार मासे.
"पहिलं वाक्य लिहा. चार मिनिटं."

मी लिहिलं: जाळ्याची दुरुस्ती दोनदा पुढे ढकलली
आणि मग
तो माझ्या खांद्यामागे थांबला.
त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास.
"टोरुन, कुणी ढकलली?"
"कंपनीनं."
"म्हणजे कंपनी वाक्यात उभी आहे. तिला आत घे.
पाहुण्याला आपण पावसात उभं करतो का?"

मग फळ्यावर दोन रांगा:
फाडलं, फाटलं
तोडलं, तुटलं
सोडले, सुटले.
डावीकडे माणूस असतो, उजवीकडे नसतो.
"आपली फी," तो म्हणाला, "उजवीकडची."
सगळे हसले. मीही.
विनोद चांगलाच होता.

जेवणानंतर कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीची पत्रकार परिषद.
हेन्रिक आजारी, म्हणून पत्रकार झाली
रिसेप्शनवरची गुडलाउग.
प्रश्नांचा कागद तिनं घेतलाच नाही.
तिचा भाऊ नदीवर रानटी सॅमन धरतो,
म्हणजे धरायचा.
तिनं विचारलं, "त्या रात्री पाळीवर कोण होतं?"
मी म्हणाले, "जाळं फाटल्याचं लक्षात येताच
आवश्यक ती पावलं उचलण्यात आली."
ती म्हणाली, "हो. पण कोण होतं?"

गप्प बसणं आम्हाला मार्चमध्येच शिकवलंय:
समोरच्यानं टाकलेली शांतता आपण भरायची नाही.
मी भरली नाही.
तिनंही नाही. तिला तर कुणी शिकवलेलं नव्हतं.
चौदा सेकंद. नंतर टेपवर मोजले.
कुठेतरी प्रिंटर एक पान ओकून थांबला.

दहापैकी नऊ. नजर खाली गेली म्हणून
एक मार्क सिगवार्टनं कापला.
कापला, हं. कापला गेला नाही.

जाताना गुडलाउगनं माझा कोट खुंटीवरून काढून दिला.
म्हणाली, "छान बोललीस गं,"
आणि त्यात कुठे टोचणी आहे का
ते मी ट्रामच्या सहाही थांब्यांवर चाचपत राहिले.

शिकवणीचा फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय:
आज आपण नवीन काय शिकलात? दोन ओळींत.

घरी स्वयंपाकघरात निळ्या कपाचे तुकडे.
एस्किल, पाच वर्षांचा,
तुकड्यांपासून बराच लांब, हात पाठीमागे.
"कप फुटला," तो म्हणाला.

"छान," माझ्या तोंडून सुटलं.
सिगवार्टच्याच सुरात, ओठ जरासे बाजूला ओढून.

तो बघत राहिला. शाबासकी मिळाली
की रागावणं अजून यायचंय,
त्याला ठरवता येईना.
मी झाडू काढला.
बराच वेळ काचेचाच आवाज.
मग तो आपण होऊन पुढे आला, अनवाणी,
मी नको नको म्हणेपर्यंत.
"सुपली," म्हणाला, "मी धरतो."