तोंडचा घास

वूचमधल्या बंद गिरण्यांच्या मागे
चौदा नंबरची इमारत. फेब्रुवारी. बाहेर उणे अकरा,
आत हीटरच्या नळीवर उबेला आलेली
मधाच्या रंगाची एक हलती रेघ,
सुईत ओवण्याआधी ओठांनी ओला केलेला दोरा जेवढा बारीक, तेवढी.

रोमुआल्डने दारातच नाक वर केलं.
"स्प्रे कुणी मारला?"
तिसऱ्या मजल्यावरचे झेनॉन जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले.
"एक घर होतं, आता सात झाली असतील.
घाबरल्या की राण्या घेऊन वेगळ्या निघतात,
भिंतीतून, स्विचबोर्डातून,
तुमच्या घडी घातलेल्या चादरींतून."

मी शिकाऊ. माझ्याकडे पिशवी,
पिशवीत बाटल्यांची झाकणं, झाकणांत
अंड्याचं पिवळं, मध, लिव्हरची पूड
आणि पांढरं काहीतरी, इतकं थोडं
की मला वाटलं, म्हातारा कंजूषपणा करतोय.
"जास्त घातलंस तर ती इथेच मरेल, झाकणाशी.
मग घरी काय नेईल?
हिला धडधाकट परत पाठवायचंय."

त्यांना पोटं दोन, तो म्हणाला.
एक स्वतःचं, लहान.
दुसरं सगळ्यांचं.
तिथे घास पचत नाही, नुसता थांबतो,
कुणीतरी येऊन मिशीने गालावर टकटक करेपर्यंत.
मग तोंडाला तोंड.
एक थेंब. त्यातला अर्धा तिसरीला,
त्यातलाही उरलेला पाचवीला,
उष्टं, उष्ट्याचं उष्टं,
अंधारात कुणी कुणाला नाही म्हणत नाही.
घट्ट असेल ते अळ्यांपुढे ठेवतात.
अळी चघळून पातळ करते, दाईला परत देते,
दाई राणीला.
राणीपर्यंत पोचायला दिवस लागतात.
इतक्या जणींनी आधी चाखलेलं,
आणि चाखणाऱ्या सगळ्या अजून चालत्याफिरत्या.

चौथ्या मजल्यावर कझिमिएराबाई, वय एक्याऐंशी.
"किती दिवस?"
"तीन आठवडे. ओटा पुसू नका.
त्यांची वाट मोडू नका. येऊ दे."
तीन आठवडे त्या रेघेला वळसा घालून
त्या बटाटे सोलत राहिल्या, कोपर उचलून,
झोपलेल्या कुणाच्या उशाशी बसून सोलावेत तसे.

दुसऱ्या खेपेला म्हणाल्या,
"काल एक आली, दुसरीला तोंडात धरून. कुठे नेतात?"
"मेलेल्यांचा ढीग असतो, घरापासून लांब."
मग जरा थांबून, "आपल्या औषधाचं नाही सांगत,
पण काही विषं नेणारीच्या अंगाला लागतात.
मग तिला दुसरी उचलते.
तिला तिसरी."
"आणि शेवटच्या एकीला?"
रोमुआल्ड पावतीवर तारीख लिहीत होता.

त्या बोलत राहिल्या, आम्हाला की सिंकला, कळेना.
कोपऱ्यावर रणगाडे उभे होते त्या हिवाळ्यात
तळमजल्यावरची ब्रोनिस्वावा बिटाच्या सूपचं पातेलं
जिन्याने वर पाठवायची. दर मजल्यावर एक पळी.
आमच्या दारी येईतो तळाशी रंग आणि दोन तुकडे.
पण यायचं.
कुणी विचारत नव्हतं, त्यात काय आहे.

मार्चमध्ये गेलो तेव्हा नळी कोरडी.
झाकणं जशीच्या तशी, पिवळ्यावर साय धरलेली.
स्विचबोर्ड उघडला तर आत
भुश्शासारखं काहीतरी पिवळसर,
फुंकर मारली, उडालं.
"झालं," रोमुआल्ड म्हणाला, आणि झेनॉनकडे सही घ्यायला खाली उतरला.

मी झाकणं गोळा करत होतो.
कझिमिएराबाईंनी उकळत्या पाण्यातून पहिला पिएरोग काढला,
शिजलाय का म्हणून आधी स्वतः अर्धा चावून पाहिला,
आणि उरलेला, वाफाळता,
काट्याला टोचून माझ्यासमोर धरला.
माझे दोन्ही हात भरलेले होते.
मी तोंड उघडलं.