गाव निवडा

खैरबोडी बुडून अकरा वर्षं झाली
आणि यादीत ती अजून कोरडी आहे.
'गाव निवडा' दाबलं की चौकट खाली उघडते :
कोसरा, खापरी, खैरबोडी, खोलदा, गराडा.
नवी खैरबोडी कुठंच नाही.
म्हणजे आम्ही राहतो ती,
जिथं माझं सेवा केंद्र आहे, टिनाखाली एक प्रिंटर, दोन खुर्च्या,
वहीत आखल्यासारखी एकशे चाळीस घरं
आणि नळाला सकाळी वीस मिनिटं पाणी.
धरणाच्या काठावर, वीस मिनिटं.

म्हणून दर अर्जात एक खोटं लिहावं लागतं.
बाळ जन्मलं की कुंदाताई, आमची आशा वर्कर,
मोबाइल घेऊन दारात :
"गाव कोणतं टाकू जी?"
टाक ना, बुडालेलं.
असे एकशे चौदा लेकरं
पाण्याखाली जन्मले, वजनासकट, लसीसकट.

दिनू भुऱ्याच्या पानठेल्यावर हे भांडण रोजचं.
प्रणय लांजेवार पुण्याहून सुट्टीत आला, म्हणाला,
"एक ओळ टाकायची आहे फक्त. एक ओळ!
चहा थंड व्हायच्या आत करून देईन."
"मंग कर ना बे."
"माझ्या हातात नाही ना ते."
"तुह्या नाही, तहसीलदाराच्या नाही,
मंग हाये कोणाच्या?"
प्रणय म्हणाला, सर्व्हरवर असते सगळं.
दिनूनं खर्रा घोटता घोटता विचारलं,
"सर्व्हरचं गाव कोणतं जी?"

मेश्राम मास्तर बोलले, आधी कागद हरवायचा,
आता कागद सापडतो, माणूस हरवतो.
मास्तरांना अशी वाक्यं सुचतात.
त्यांचाही अर्ज मीच भरतो.

मी तक्रार टाकली. सतरा आकडी नंबर आला.
चवथ्या दिवशी उत्तर : आपली समस्या सोडवली आहे,
कृपया सेवेला तारे द्या.
मी एकच दिला. कारण लिहा म्हणे.
कारणाच्या खाली पुन्हा तेच : गाव निवडा.

इस्तारी नान्हे या भांडणात कधी पडला नाही.
बाकावर जाळं शिवत बसायचा.
एकदाच म्हणाला, "राहू द्या ना जी.
हाये तं हाये. कोणाचं काय खाते?"
"काका, डेटा चुकीचा आहे," प्रणय.
"चुकीचा कायले? मे महिन्यात
डोंगा घासते ना माह्या, शाळेच्या भितीले."

दिवाळीनंतर अपडेट आलं.
नवी खैरबोडी आली, वेलांटीसुद्धा बरोबर.
जुनी गेली.
दिनूनं त्या संध्याकाळी फुकट खर्रा वाटला
आणि दुसऱ्या दिवशी कुंदाताईच्या मोबाइलवर
एकशे चौदा नावांपुढं लाल अक्षरं :
जन्मस्थळ अवैध.
मी प्रणयला फोन लावला. स्पीकरवर होता.
"अरे, जुन्यातलं नव्यात नीट हलवलं नाही त्यांनी."
दिनू म्हणाला,
"हेच तं सांगून राह्यलो ना बे, अकरा वर्षांपासून."

खणात माझा एक जुना मोबाइल आहे, काच तडकलेला.
तो दर वेळी विचारतो, अपडेट करायचं का?
मी 'नंतर' दाबतो.

सोमवारी, बाजार उठल्यावर, इस्तारी आला.
"उघड."
मी उघडलं. ख वर थांबलो.
वाचता येत नाही त्याले,
पण बोट बरोबर तिसऱ्या ओळीवर ठेवलं,
म्हणजे कोणाला तरी विचारून आला होता.
"याची झेरॉक्स निघते का?"
निघाली. चौकट, बाण, मधल्या पट्टीत नाव.
दहा रुपये, मी म्हणालो.
त्यानं कागद दाराच्या उजेडात धरला, मग परत दिला.
"तीस घे. वरून प्लॅस्टिक मार.
डोंग्यात ठेवाचं हाये,
वल्लं नाही झालं पाहिजे."