निशाणी सत्तावीस

मी महिबूब नदाफ, वय एकसष्ट, धंदा पेंटर,
शपथेवर सांगतो की ती पाटी माझीच.
वर मराठी नऊ इंच, खाली तेलुगू साडेसहा,
पिवळ्यावर काळं, दोन हात ऑइलपेंट.
बिल अजून महापालिकेकडं अडकलंय.

वकील विचारतात, तेलुगू येतं का तुम्हाला?
वाचता येत नाही साहेब, काढता येतं.
कन्नडही काढतो. उर्दू उजवीकडून काढतो.
घरात आम्ही दखनी बोलतो,
तिची पाटी अजून कुणी सांगितली नाही.

मग खालची ओळ पुसली कुणी?
तीही मीच. वरून फोन आला,
एक हात पिवळा मारला, मजुरी दीडशे.
दुसऱ्या हाताला डबा पुरला नाही
आणि सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे,
मे महिन्यात रंगाचा पापड झाला,
अक्षरं खालून वर आली.
मी नाही आणली. एवढं लिहून घ्या.

त्यावर दोघे वकील पाऊण तास भांडले,
कलमातल्या 'शिवाय'चा अर्थ 'ऐवजी' होतो का.
मी पिंजऱ्यात उभा,
नखातला काळा रंग काढत.

मागच्या बाकावर ओदेम्मा गुर्रम,
विड्यांचं सूप घरी ठेवून आलेली.
बोळाला नाव तिच्या सासऱ्याचं,
स्वतःचा माग विकून ज्यानं तिथं पहिला नळ आणला.
दर तारखेला येते.
मला वाटायचं, निकालासाठी.

जेवणाच्या सुट्टीत जवळ आली, हळू म्हणाली,
भाई, गुर्रम म्हणजे आमच्यात घोडा.
'र'च्या खाली अजून एक 'र' लागतो, लोंबता.
तू काढलाच नाहीस.
तीन पायांवर उभा केलास आमच्या मामांना
अख्ख्या पूर्व भागासमोर.

पाटी आता नाझरच्या खोलीत,
जप्तीच्या शिलाई मशीनला टेकून, लाखेचा शिक्का मारलेली.
हात लावला तर पुराव्यात ढवळाढवळ.
पुढची तारीख अकरा.

दोन नंबरचा ब्रश खिशात ठेवतो मी,
आणि पाकिटात विडीचं एक पान,
त्यावर तिनं नखानं काढून दिलाय तो पाय.
पान वाळत चाललंय.