हेडरमधलं नाव

रात्री अडीचला नेवाचा फोन:
'टुल्लिओ, तुझ्या प्रोग्रॅमनं माझा स्फटिक बदलला.'

बदलला नव्हता. फाइलीत लिहिलं होतं आर तीन,
कोन मात्र नव्वद, नव्वद, एकशे वीस.
अशा वेळी काय करायचं ते मी नऊ वर्षांपूर्वी
एका ओळीत लिहून मोकळा झालो होतो:
कोन असे दिसले तर एच तीन समज
आणि पुढे चल.
कुणाला सांगायची गरज नाही,
हे काही मी लिहिलं नव्हतं.
ते त्यानं आपलं आपण धरलं.

बोरा सुटला होता. गाडी चढावर तिरकी चालत होती.
वेशीवर पाटी: बासोवित्सा, खाली बाझोवित्सा.
खालच्या नावावर कुणी काळा रंग फासलेला,
कुणी किल्लीनं खरवडून
अर्धं नाव परत मिळवलेलं.

रिंगमध्ये इलेक्ट्रॉन फिरत होते,
त्यांना पत्ता लागत नाही.

नेवा दोन स्वेटर चढवून बसलेली.
पडद्यावर दोन फाइली: एक आजची, एक ल्युब्ल्यानाहून आलेली.
एकाच थेंबात वाढलेले दोन स्फटिक.
एका फाइलीत घर तिप्पट मोठं,
दुसरीत तिरकं, आटोपशीर, तिन्ही बाजू सारख्या, तिन्ही कोन सारखे.
भिंती कुठे धरायच्या एवढाच फरक,
आत राहणारे तेच.
दोन्हींवर नाव आर तीन.
माझ्या ओळीनं एकीचं बदललं, दुसरीचं राहू दिलं,
आता सख्ख्या बहिणी
कोर्टात समोरासमोर आल्यासारख्या.

'नाव चुकीचं नाहीये,' मी म्हणालो.
'माहितीये,' ती म्हणाली आणि थर्मासचं झाकण शोधू लागली.
'आजोबा वोदोपिवेत्स होते.
कचेरीतल्या कारकुनानं बेव्हिलाक्वा लिहिलं.
अर्थ तोच. पाणी पिणारा.
भाषांतर इतकं अचूक, की तक्रार तरी काय करणार?'

तिच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर
मी नऊ वर्षं ते नाव वाचत आलो होतो.

मग तिनं दुसरा स्फटिक काढला.
तिथे गोष्ट वेगळी.
पी चार-एक की पी चार-तीन?
ही एका वस्तूची दोन नावं नव्हेत.
हे दोन जिने आहेत, एक डावीकडे वळणारा, एक उजवीकडे,
आणि डिटेक्टरवर दोघांची सावली एकच:
त्या अक्षावर चौथा ठिपका दिसतो, मधले तीन गायब.
कितीही मोजा, ठिपके सांगत नाहीत.
फाइलीत मात्र एकच नाव लिहायला जागा,
म्हणून कुणीतरी चार-एक लिहिलं.
तो अंदाज होता, हे लिहायला जागा नव्हती.

पहाटे पाचला नकाशा उघडला.
जाळीतून प्रथिनाची वेटोळी दिसू लागली,
सुबक, आणि सगळी डावखुरी.
नेवा हसली. अशी प्रथिनं कुठे राहत नाहीत.
चार-तीन घालून पुन्हा चालवलं,
वेटोळी उजवीकडे फिरली,
चुकीच्या जिन्यावरून आम्ही खाली उतरलो.

सातला बारमध्ये तिनं 'कापो' मागितली.
मिलानमध्ये हेच मागितलं होतं एकदा,
त्यांनी मालकाला बोलावलं.

मी लॅपटॉप काउंटरवर ठेवून ती ओळ खोडली.
नवीन लिहायला ओळी लागल्या अकरा:
आलेलं नाव आहे तसं ठेव.
आपल्याला काय वाटतं ते शेजारी लिही.
कोन आणि नाव पटत नसतील तर थांब, विचार.
जिथे दोन जिने शक्य आहेत, तिथे दोन्ही लिही.

सत्तावीस चाचण्या लाल झाल्या.
त्यातल्या निम्म्या मीच लिहिलेल्या,
त्यांना गप्प राहणारा प्रोग्रॅम हवा होता.

बाहेर वाऱ्यानं कुणाची तरी टोपी नेली.
'बिल कुणाच्या नावानं?' पोऱ्यानं विचारलं.
नेवा जरा वेळ
पेन हातात धरून उभी राहिली.