छाननी

अर्जांची छाननी अकराला ठेवली होती.
साडेबारा झाले तरी पंखा फिरेना,
उदगीरची लाईट सकाळपासून गेलेली,
आणि रत्नमालाताई मठपती
आपल्याच जुन्या खुर्चीसमोर
अर्जदार म्हणून उभ्या.

मी वाचनालयाचा लेखनिक, पांचाळ.
सव्वीस वर्षं आवक-जावक माझ्याकडं.
बाईंचा राजीनामा मीच टाईप केला,
दोन वर्षांमागं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
कारण : वैयक्तिक.
कारण वैयक्तिक नव्हतं.
मागच्या जागेचा दावा मिटवायचा म्हणून
खालचा वाचनकक्ष क्लासवाल्याला लिहून दिला कमिटीनं,
पेपर वाचणारी म्हातारी माणसं
जिन्याच्या पायऱ्यांवर बसायला लागली.
"लिहा वैयक्तिक," बाई म्हणाल्या,
"भांडण कागदावर कशाला?"
मी शिक्का मारला. आवक क्रमांक एकशे बारा.

आज हरकत अध्यक्षांची. बाबाराव नावंदे
चष्मा न लावताच वाचायलेत, पाठ करून आलेले :
कलम सतरा. राजीनामा दिलेल्यास
पुढील तीन वर्षे उभे राहता येणार नाही.
"दोनच झालीत. अर्ज बाद करा, जेवायला जाऊ."

निवडणूक अधिकारी सोनकांबळे वकील, नवं पोरगं,
गळ्याचा घाम टिपत म्हणालं,
"ही नक्कल दिसायली. मूळ प्रत?"

मूळ प्रत.
लोखंडी कपाटाच्या तळाशी, कडा वाळवीनं खाल्लेल्या,
निजामाच्या काळातली, उजवीकडून उघडणारी.
माझ्या नोकरीत कुणी मागितली नव्हती.
मी काढली, फुंकली, दोनदा शिंकलो.
वाचणार कोण?
शिपायाला पिटाळलं चौबाऱ्याकडं, चांदपाशा मास्तरांना आणायला.

मास्तर आले मोटारसायकलवर मागं बसून,
डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं.
खिशातून भिंग काढलं.
बोट ओळीवरून मुंगीसारखं सरकत राहिलं,
एका जागी थांबलं, मागं आलं, पुन्हा थांबलं.
मग मास्तर हसले, दात नसलेले.

"पांचाळसाब, सोडून जाण्याला आमच्यात इस्तीफा म्हणतेत.
तो शब्दच नाही इथं.
इथं लिहिलंय राज़ीनामा.
राजी होणं. दोघांनी मिळून मिटवून घेणं.
संस्थेच्या जागेबद्दल ज्यानं परस्पर राजीनामा केला,
तो तीन वर्षं उभा राहणार नाही.
जो निघून गेला, त्याच्याबद्दल काहीच नाही."

कुणीतरी खाकरलं.
वरच्या कपाटावर पाल चुकचुकली का मला भास झाला.
बाबाराव चष्मा शोधू लागले, खिशातच होता.
क्लासच्या कागदावर सह्या पाच,
पाचही जण भिंतीला टेकून बसलेले.

सोनकांबळे बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "नोंदणी झालेली प्रत मराठी आहे.
मला तीच बघावी लागते.
पण हे पण घेतो. निकाल उद्या चारला."
बाबाराव म्हणाले, "शब्दाचा कीस काहून पाडायलात?"
त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

बाईंनी विचारलं, "मास्तर, चहा घेणार?"
आणि आजचा पेपर मागून
खाली गेल्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
बाबू न्हाव्यानं सरकून जागा दिली.
वरून दिसत होता फक्त पदर आणि पेपरचं टोक,
आत क्लासमधून पोरांचा आवाज,
कुठल्याशा सूत्राची घोकंपट्टी.

मी रजिस्टर उघडलं.
आवक : मूळ घटना, उर्दू, पाने एकोणीस.
कुणाकडून : आपल्याच कपाटातून.
शेऱ्याच्या रकान्याशी पेन अडलं.
क्लासच्या त्या कागदावर, पाच सह्यांच्या खाली,
साक्षीदार म्हणून सहावी सही आहे.
अक्षर चांगलं, असं सगळे म्हणतात.

लिहिलं : राजी.
मग खोडलं.
उजेडाकडं धरलं की अजून वाचता येतं.